तुला कुठे अडकून बसायला आवडेल?

भाचीचा मेसेज रात्री साडेदहाला आला. "मावशी, डेटा सायन्स करू का क्लाउड करू का फुल स्टॅक? सगळ्यात जास्त स्कोप कशाला आहे? उद्यापर्यंत सांग, परवा अ‍ॅडमिशनची लास्ट डेट आहे." खाली तीन कोर्सच्या पीडीएफ. डेटा सायन्स म्हणजे माहितीच्या ढिगातून निष्कर्ष काढणं, क्लाउड म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेले सर्व्हर चालवणं, फुल स्टॅक म्हणजे साइटचा दिसणारा आणि मागचा असे दोन्ही भाग बनवणं. मी तिन्ही उघडून वाचल्या आणि मग बराच वेळ झोप लागली नाही, कारण तिन्हींच्या पहिल्या पानावर जे वाक्य होतं जवळजवळ तेच मी २००८ साली एका माहितीपत्रकात वाचलं होतं आणि त्याच्यावर विश्वास ठेवून आयुष्यातलं एक वर्ष दिलं होतं. फक्त टूलचं नाव तेव्हा वेगळं होतं.

तेव्हा ते फ्लॅश होतं, वेबसाठी अ‍ॅनिमेशन बनवायचं सॉफ्टवेअर. आज जे विशीत आहेत त्यांना कल्पना येणार नाही, पण त्या वेळी वेबवर जे जे हलायचं ते फ्लॅशमधे असायचं, गेम फ्लॅशमधे, जाहिराती फ्लॅशमधे, व्हिडिओ बघायचा तर प्लेअर फ्लॅशचा. अ‍ॅक्शनस्क्रिप्टची म्हणजे फ्लॅशमधे कोड लिहायच्या भाषेची तिसरी आवृत्ती २००६ मधे आली होती आणि आता ही खरीखुरी प्रोग्रामिंगची भाषा झाली असं आमचे सर सांगायचे, ते खरंही होतं. मी मन लावून शिकले. आयफोन २००७ लाच आला होता आणि त्यात फ्लॅश चालत नव्हतं, पण क्लासमधे कोणी हा विषय काढलाच तर "येईल की, सगळं वेब फ्लॅशवर आहे" असं उत्तर मिळायचं. एप्रिल २०१० मधे स्टीव्ह जॉब्सने जाहीर पत्र लिहून ते का येणार नाही हे सांगितलं, नोव्हेंबर २०११ मधे खुद्द अ‍ॅडोबीने मोबाइलसाठी फ्लॅश प्लेअर बनवणं थांबवलं, २०१७ मधे शेवटची तारीख जाहीर झाली आणि ३१ डिसेंबर २०२० ला ते संपलं. मी त्यातून बाहेर पडून तोपर्यंत नऊ वर्षं झाली होती, तरी ती बातमी वाचताना गलबलून आलं, कारण माणूस सगळ्यात पटपट शिकतं त्या वयातलं एक अख्खं वर्ष त्यात गेलं होतं.

फ्लॅश बंद पडलं याचा दोष त्या क्लासला कसा देणार, पुढचं कोणाला दिसतं. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. आम्हाला कुठे क्लिक करायचं ते शिकवलं, कुठला मेन्यू, कुठली प्रॉपर्टी, कुठली सेटिंग. सर्व्हरवरची फाइल ब्राउझरपर्यंत येते कशी, प्रोग्रॅम चालताना मेमरीत काय होतं, एखादी गोष्ट चालली नाही तर शोधायला सुरुवात कुठून करायची, यातलं वर्षभरात काहीही झालं नाही. एरर आली की सर यायचे, माउस हातात घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि पुढच्या मशीनकडे जायचे. तेव्हा आम्हाला ते फार चांगले वाटायचे. आज वाटतं की त्या प्रत्येक वेळी माझ्या हातातून शिकायची गोष्टच काढून घेतली जात होती.

२०११ मधे काम मिळेना म्हणून मी सपोर्टची नोकरी धरली. घरात कोणाला ती सांगायचीही लाज वाटायची, कारण सपोर्ट म्हणजे डेव्हलपमेंट जमली नाही म्हणून करायचं काम असा तेव्हा समज होता, अजूनही आहे. काम असं की टिकेट येणार, त्यात काय चालत नाही ते लिहिलेलं असणार, आपण बघायचं, जमलं तर सोडवायचं, नाही जमलं तर वरच्या टीमकडे पाठवायचं. आणि तिथे, नोकरी लागून चौथ्या महिन्यात, माझं करिअर ठरलं. मी ठरवलं असं म्हणता येणार नाही, ते एका टिकेटमुळे ठरलं.

टिकेटमधे एकच ओळ होती, "रिपोर्ट रिकामा येतोय." गेल्या महिन्यात एकही ऑर्डर न दिलेल्या ग्राहकांची यादी दर आठवड्याला निघायची, मग त्या लोकांना फोन केले जायचे. त्या आठवड्यात यादीत एकही नाव नाही. एरर नाही, लाल अक्षरात काही नाही, क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, नीट चालते आणि उत्तर देते, शून्य ओळी. सीनियरने सांगितलं परत चालव. परत शून्य. मग ते जेवायला गेले आणि मी तशीच बसून राहिले, कारण मला ते पटतच नव्हतं, एवढ्या ग्राहकांपैकी प्रत्येकाने महिन्याभरात काहीतरी घेतलंच असं होईल कसं?

क्वेरी साधी होती. ग्राहकांच्या टेबलमधून असे ग्राहक काढ ज्यांचा नंबर ऑर्डरच्या टेबलमधे नाही. एसक्यूएलमधे, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, त्याला सरळ "नॉट इन" लिहितात. मी काय केलं, त्या महिन्यातल्या पहिल्या पाचच ऑर्डर घेऊन क्वेरी चालवली, नावं आली. पाचशे घेतल्या, तरी आली. सगळ्या घेतल्या की शून्य. ऑर्डर होत्या आठ हजारांच्या आसपास, मग मी अर्ध्या केल्या, पहिल्या अर्ध्या घेतल्या तर नावं येतात, दुसऱ्या अर्ध्या घेतल्या की येत नाहीत, म्हणजे गडबड दुसऱ्या अर्ध्यात. त्याचे परत दोन भाग. परत दोन. आठ हजारांचे असे तेरा वेळा भाग केले की एकच ओळ उरते, आणि ती उरली. त्या ओळीत ग्राहकाचा नंबरच नव्हता. कोणीतरी तो रकाना रिकामा सोडून ऑर्डर भरली होती आणि सिस्टीमने ती घेतली होती.

डेटाबेसमधे अशा रिकाम्या जागेला नल म्हणतात, आणि नल म्हणजे शून्य पण नाही आणि कोरा शब्द पण नाही, नल म्हणजे "माहीत नाही". आता डेटाबेस प्रत्येक ग्राहकाचा नंबर घेऊन विचारतो की हा त्या यादीत नाही ना? यादीतल्या बाकी नंबरांशी तुलना करून तो सांगू शकतो की नाही, हा वेगळा आहे. पण जिथे नल आहे तिथे तो म्हणतो, ते काय आहे मला माहीत नाही, कदाचित हाच नंबर असेल, मी खात्रीने नाही म्हणू शकत नाही. आणि जिथे खात्री नाही ती ओळ तो देत नाही. एका रिकाम्या रकान्यापायी सगळे ग्राहक गेले! मला हे कळलं तेव्हा ऑफिसात कोणी नव्हतं, तीन तास कसे गेले कळलं नाही, आणि मला इतका आनंद झाला होता की तो कोणाला सांगावा ते कळेना. फ्लॅशच्या अख्ख्या वर्षात, सुंदर सुंदर अ‍ॅनिमेशन करताना, तसं एकदाही झालं नव्हतं.

त्यानंतर मी डेटाबेसमधेच राहिले. आज चौदा वर्षं होतायत.

हे सगळं आठवून मी भाचीला सकाळी फोन केला आणि म्हटलं, स्कोप कशाला आहे ते मला पण माहितीये आणि तुला पण, दोघींनी एकाच जाहिराती वाचल्यात. तू मला एवढंच सांग, तुला कुठे अडकून बसायला आवडेल? तिला प्रश्नच कळला नाही आणि त्यात तिची चूक नाही, कारण हे कुठल्या पीडीएफमधे लिहिलेलं नसतं. आयटीमधलं रोजचं काम म्हणजे बहुतेक वेळ अडकणं. चालू असलेली गोष्ट कोणी आपल्याकडे आणत नाही. पगार मिळतो तो न चालणाऱ्या गोष्टीसमोर बसून राहण्याचा, मग ती कालपर्यंत चालत होती आणि आज बंद पडलेली असो, किंवा अजून बनलेलीच नसो. फरक इतकाच की प्रत्येक फील्डमधलं अडकणं वेगळ्या जातीचं असतं.

फ्रंट एंडवाला, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा भाग बनवणारा, अडकतो ते असं, की सगळ्या फोनवर नीट दिसणारं बटण एका विशिष्ट फोनवर कीबोर्ड उघडला की त्याच्या मागे जातं, आणि दोन पिक्सेलसाठी तो अर्धा दिवस बसतो, आणि ज्याला ते दोन पिक्सेल मनापासून खुपतात त्यानेच ते करावं. नेटवर्कवाल्याचं म्हणजे पिंग, समोरचं मशीन हाकेला ओ देतंय का ते बघणारा संदेश, जातंय, केबल ठीक आहे, दिवा हिरवा आहे आणि तरी साइट उघडत नाही, मग नाव सापडत नाहीये का रस्ता सापडत नाहीये का दारावरच कोणी अडवतंय, एकेक पायरी चढत जायचं. सिक्युरिटीच्या जाहिरातीत काळा हूड घातलेला माणूस दाखवतात, प्रत्यक्षात बराचसा वेळ लॉगच्या, म्हणजे सिस्टीमने आपोआप ठेवलेल्या नोंदींच्या, हजारो ओळी वाचण्यात जातो ज्यातल्या जवळजवळ सगळ्या निरुपद्रवी असतात. टेस्टिंग सोपं समजून लोक येतात, पण फॉर्ममधे वय अठरा ते साठ घ्यायचं असेल तर नवखा माणूस २५ टाकतो आणि चाललं म्हणतो, माझी एक सहकारी आधी १७, १८, १९ टाकते, मग ५९, ६०, ६१, मग रिकामं, मग उणे एक, मग आकड्याच्या जागी अक्षर, आणि हे ती रोज तितक्याच उत्साहाने करते. हा स्वभाव आहे. कोर्स करून तो धारदार होतो, पण मुळात थोडा असावा लागतो.

भाची म्हणाली, "पण मी काही केलंच नाहीये तर मला कसं कळणार काय आवडेल ते?" अगदी बरोबर प्रश्न. म्हणून मी तिला म्हटलं लास्ट डेट जाऊ दे, ती पुढच्या महिन्यात परत येते, मला चार संध्याकाळी दे.

पहिल्या संध्याकाळी तिला एक वेब पेज बनवायला दिलं, फोनवर आणि मोठ्या स्क्रीनवर दोन्हीकडे नीट दिसेल असं. तिने केलं, चांगलं केलं, आणि झाल्यावर लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी टेस्टिंग दिलं, त्याला ती तासाभरात कंटाळली. तिसऱ्या दिवशी डेटा, कारण तिच्या तिन्ही पर्यायांत पहिला तोच होता. मी मुद्दाम खराब फाइल दिली, जशी खरी असते तशी, एकाच गावाचं नाव पाच स्पेलिंगने, काही आकड्यांत स्वल्पविराम, आणि तारखेच्या रकान्यात ०३/०४. ती म्हणाली हा ३ एप्रिल आहे का ४ मार्च? मी म्हटलं तूच शोध. तिने खाली बघितलं, एका ओळीत २५/०४ होतं, म्हणजे दिवस आधी. पण मग अजून खाली ०४/२८ पण सापडलं. दोन माणसांनी दोन पद्धतीने भरलेलं होतं. तिने पेन ठेवलं आणि म्हणाली मग याचा काही अर्थच नाही. डेटावाला माणूस नेमका इथे जागा होतो, भरलं कोणी, कुठून आलं, वेगळं करता येईल का, कोणाला विचारू? मी तिला १९९९ मधल्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट सांगितली, एका टीमचे आकडे पाउंडाच्या मापात आणि दुसऱ्या टीमने ते न्यूटनचे समजून वापरले, आणि मंगळाजवळ पोचलेलं यान गेलं. तिने ऐकलं, वाईट वाटलं, पण फाइल परत उघडली नाही. म्हणजे डेटा सायन्स तिच्यासाठी नाहीच असं मी म्हणणार नाही, चार तासांवरून आयुष्य ठरवू नये. पण ज्या कामात बराचसा वेळ अशी साफसफाई करण्यात जातो तिथे पहिल्याच दिवशी मन उठलं तर ते लक्षात घ्यायला हवं.

चौथ्या संध्याकाळी मी तिला लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला दुसरा कॉम्प्युटर, दिलं ज्यावर एक साइट चालायची आणि आता चालत नव्हती. सोबत दहा-बारा कमांडचा एक कागद दिला, बाकी काही नाही. ब्राउझरमधे ५०० नंबरची एरर, म्हणजे सर्व्हरच्या आतच काहीतरी बिघडलंय. तिने लॉग शोधला, शेवटच्या ओळीत लिहिलं होतं डिस्कवर जागा नाही. डीएफ कमांडने बघितलं तर खरंच १०० टक्के भरलेली. मग कुठली फाइल मोठी आहे ते शोधलं, एक लॉग फाइलच सगळी जागा खाऊन बसली होती, तिने ती डिलीट केली आणि माझ्याकडे बघून हसली. परत डीएफ केलं, अजून १०० टक्के.

तिचं हसू तिथल्या तिथे मावळलं पण ती मागे सरकली नाही, खुर्ची पुढे ओढून बसली. फाइल खरंच गेलीये का बघितलं, गेलीये. सगळ्या फाइलींची बेरीज केली डीयूने, तर ती डिस्कच्या निम्मीसुद्धा भरेना. "मावशी, फाइल नाहीये, मग जागा कोणी धरलीये?" मी काही बोलले नाही, बोलायची फार इच्छा होत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन आले, अर्ध्या तासाने परत जाऊन आले, ती आता स्वतःशीच पुटपुटत होती, जागा कोणी धरलीये, कोणी धरलीये. मग त्या कागदावर खालून दुसरी कमांड होती, एलएसओएफ, कुठल्या प्रोग्रॅमने कुठली फाइल उघडून ठेवलीये ते दाखवणारी, ती तिने चालवली आणि त्या लांबलचक यादीत तिला तीच फाइल दिसली आणि तिच्यापुढे डिलीटेड असं लिहिलेलं. ती जवळजवळ ओरडलीच. डिलीट केल्यावर फक्त नाव जातं, प्रोग्रॅमने ती फाइल हातात धरून ठेवलेली असते आणि तो सोडत नाही तोवर जागा मोकळी होत नाही. तिने प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला, डीएफ केलं, १८ टक्के. साइट उघडली. घड्याळात पावणेबारा वाजले होते आणि तिचा चार्जर लावायचा राहिला होता, बॅटरी ४ टक्क्यांवर होती.

दुसऱ्या दिवशी मी तिला गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचा जाहीर अहवाल वाचायला पाठवला. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री उशिरापर्यंत काम करत असलेल्या त्यांच्या एका इंजिनिअरने दुसऱ्या सर्व्हरवरचा समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा उडवला आणि मग लक्षात आलं की बॅकअपचे पाचही मार्ग नीट चालू नव्हते, बॅकअप फेल होतोय हे कळवणारे मेल निघत होते पण पोचत नव्हते, सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी हे सगळं लपवलं नाही, उघड लिहिलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. मी भाचीला सांगितलं की या फील्डमधे गेलीस तर कधीतरी त्या खुर्चीत तू असशील, बघ. तिचं उत्तर आलं, "पण बॅकअप परत लावून कोणी बघितलाच नव्हता का आधी?" तो मेसेज वाचून माझी काळजी बरीच कमी झाली.

आता कोर्सचं. तिने मला विचारलं मग स्कोप बघायचाच नाही का? बघायचा, नोकरी लागायला हवी, मी त्याला कमी लेखत नाही. पण नोकरीच्या जाहिराती वाचताना टूलच्या नावांवरून नजर पुढे न्यावी आणि रोज काय करायचं ते जिथे लिहिलंय ते वाचावं, तशा तीस जाहिराती वाचल्या की त्याच त्या गोष्टी परत परत दिसायला लागतात. आणि त्या नव्या नसतात. युनिक्सचं काम १९६९ मधे सुरू झालं, त्याच्याच धर्तीवरचं लिनक्स १९९१ चं. एडगर कॉडचा रिलेशनल डेटाबेसवरचा, म्हणजे टेबलांत माहिती ठेवण्यावरचा, पेपर १९७० चा, त्यावरून चेंबरलिन आणि बॉइसने १९७४ मधे जी भाषा मांडली, आजची एसक्यूएल, तिच्यावर माझं घर चालतं. १ जानेवारी १९८३ ला इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट टीसीपी आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटरनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर, गेलं आणि आज क्लाउड क्लाउड म्हणतो ते सगळं त्याच्यावरच उभं आहे. प्रोग्रॅम वेगवेगळ्या बंद डब्यांत ठेवून चालवणारं डॉकर २०१३ चं, असे अनेक डबे सांभाळणारं कुबरनेटिस २०१४ चं, ते शिकावंच लागतं, पण ज्याला प्रोसेस म्हणजे काय आणि पोर्ट म्हणजे काय हे कळलंय त्याला ते काही आठवड्यांत हाताळता येतं आणि ज्याला नाही कळलं तो नुसत्या कमांड पाठ करतो, जसे मी मेन्यू पाठ केले होते. एक मात्र न्यायाने सांगायला हवं, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट ज्या ईसीएमएस्क्रिप्ट नावाच्या प्रमाणावर बेतलेली होती त्यावरच जावास्क्रिप्ट, म्हणजे वेब पेजची भाषा, आहे, त्यामुळे माझं सगळंच वाया गेलं नाही. मला जावास्क्रिप्ट वाचता आली. फ्लॅशचं जे नुसतं फ्लॅशचंच होतं ते गेलं.

त्या तीन पीडीएफपैकी एकात सहा महिन्यांत २२ टूल्स होती. मी मोजली. सहा महिन्यांचे २६ आठवडे, म्हणजे एकेका टूलला जेमतेम आठवडा, त्यात परीक्षा आणि इंटरव्ह्यूची तयारी. एवढ्या वेळात माणसाला नाव सांगता येतं, वापरता येत नाही. दुसऱ्यात डेटा सायन्सचे प्रोजेक्ट दिले होते, टायटॅनिकचे प्रवासी आणि आयरिसची फुलं, शिकवताना सगळीकडे वापरतात त्या तयार माहितीच्या याद्या. ती १५० फुलं १९३६ पासून लोक अभ्यासतायत, उदाहरण म्हणून उत्तम आहे, मी पण शिकवताना वापरलंय, पण तोच प्रोजेक्ट म्हणून रिझ्युमेवर टाकला तर इंटरव्ह्यू घेणाऱ्याला तुझ्याबद्दल काय कळणार? मी गेली काही वर्षं इंटरव्ह्यू घेते आणि मला एकाच बॅचच्या नऊ मुलांच्या रिझ्युमेमधे तेच तीन प्रोजेक्ट, त्याच क्रमाने, दिसले आहेत. त्या मुलांचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यातली दोघं-तिघं खरंच हुशार होती आणि ते त्या कागदातून दिसतच नव्हतं.

शिकायचं साहित्य आता फुकट मिळतं. एमआयटीने २००१ मधेच ओपनकोर्सवेअरची, म्हणजे आपल्या कोर्सचं साहित्य वेबवर फुकट ठेवायची, घोषणा केली, त्यानंतर तर पूर आला आहे, आणि मूळ डॉक्युमेंटेशन बहुतेक वेळा मोकळं असतं. मग क्लासकडून विकत काय घ्यायचं? माझ्या मते तीनच गोष्टी, ठरलेली वेळ, आपलं काम वाचणारं कोणीतरी, आणि सोबतची मुलं. म्हणून भाचीला मी म्हटलं की डेमो लेक्चरला जाशील तेव्हा स्लाइड कडे बघू नकोस, सर स्वतः टाइप करतात का बघ. आणि टाइप करताना कधीतरी चुकेलच, चुकल्यावर काय करतात ते नीट बघ. एका क्लासमधे सरांनी पटकन ती विंडो बंद केली आणि आधीच तयार असलेली फाइल उघडली. दुसऱ्या ठिकाणी मॅडम थांबल्या, एरर मोठ्याने वाचली, शब्द न शब्द, आणि वर्गाला म्हणाल्या हे नेमकं काय सांगतंय, कितव्या ओळीबद्दल सांगतंय? दहा मिनिटं गेली त्यात. भाची घरी येऊन म्हणाली की त्या दहा मिनिटांत जेवढं कळलं तेवढं बाकीच्या दोन तासांत नाही. मी म्हटलं झालं मग.

आणखी एक करायला लावलं, त्या क्लासच्या जुन्या मुलांचे प्रोजेक्ट गिटवर, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या सिस्टीमवर, आहेत का विचार म्हटलं, आणि असतील तर नुसता कोड न बघता हिस्ट्री बघ. एखाद्याच्या प्रोजेक्टमधे तीन महिन्यांत साठ-सत्तर कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, असतात, "लॉगिन चालत नाही", "लॉगिन चाललं", "परत बिघडलं", असं. तिथे कोणीतरी खरंच बसून काम केलंय. आणि एखाद्यात शेवटच्या दिवशी सगळं एकदम चढवलेलं, एकच कमिट. सर्टिफिकेट दोघांनाही मिळालेलं असतं. सर्टिफिकेशनच्या परीक्षांना मी नावं ठेवत नाही, सिस्को कंपनीच्या सीसीएनएसारख्या परीक्षेचा अभ्यास मनापासून केला तर नेटवर्क खरंच समजतं, फक्त ते सर्टिफिकेट तीन वर्षांनी नवं करावं लागतं हे आधीच माहीत असावं, म्हणजे ते मिळवून सुटलो असं वाटत नाही.

एआयबद्दल तिने शेवटी विचारलं, आणि ती घाबरलेली होती, आवाजातच कळत होतं. "हे सगळं तेच करणार असेल तर?" नोव्हेंबर २०२२ मधे चॅटजीपीटी आलं तेव्हापासून हा प्रश्न मला प्रत्येक लहान-मोठा विचारतो आणि मी कोणालाही छातीठोक उत्तर देत नाही, कारण फ्लॅशच्या वेळी छातीठोक उत्तरं मी ऐकलेली आहेत. मी रोज वापरते ते. ते "नॉट इन"ची क्वेरी माझ्यापेक्षा लवकर लिहितं. पण रिपोर्ट रिकामा आला आणि कुठेही एरर नाही, तेव्हा "हे असं होईलच कसं" असं वाटायला आपल्याला ते ग्राहक, त्या ऑर्डर, तो धंदा माहीत असावा लागतो, आणि ते वाटणं अडकून अडकूनच येतं. मला भीती वाटते ती नव्या मुलांच्या बाबतीत, की आमचे सर जसे माउस हातात घ्यायचे तसं आता प्रत्येकाच्या शेजारी चोवीस तास कोणीतरी माउस हातात घ्यायला बसलंय. म्हणून भाचीशी एकच बोली केली आहे, आधी वीस मिनिटं स्वतः, वहीत लिहायचं की काय वाटलं आणि काय करून बघितलं, मग विचारायचं, आणि विचारताना उत्तर न मागता माझं कुठे चुकतंय ते विचारायचं.

तिने त्या मॅडमचा कोर्स घेतला. लिनक्स, नेटवर्किंग, मग थोडं पायथन आणि शेवटच्या दोन महिन्यांत क्लाउड. पीडीएफमधली सगळ्यात कमी टूल्स असलेला तोच होता आणि तिच्या वर्गातल्या बाकीच्यांना तो जुनाट वाटला.

गेल्या आठवड्यात, कोर्सच्या तिसऱ्या महिन्यात, तिचा मेसेज आला, परत रात्री साडेदहालाच. स्क्रीनशॉट होता. सर्व्हर म्हणतोय डिस्कवर जागा नाही, आणि खाली डीएफ, ४१ टक्के. "मावशी जागा आहे आणि नाहीये. डिलीटेड फाइल पण बघितल्या, नाहीयेत कुठे."

मला उत्तर दिसलं लगेच. टाइपही केलं. मग पुसलं आणि लिहिलं, "डिस्कमधे जागेशिवाय आणखी काय मोजलेलं असतं?"

चाळीस मिनिटं काही नाही. मी मधे दोनदा फोन बघितला. मग एकापाठोपाठ एक तीन मेसेज आले.

"आयनोड!!"

"एका फोल्डरमधे लाखो बारीक बारीक फाइली झाल्यात, प्रत्येक फाइलला एक आयनोड नंबर लागतो, ते संपले म्हणून नवीन बनत नाहीये"

"थांब आत्ता फोन करू नकोस, कोण बनवतंय त्या फाइली ते शोधतेय"